आई-बाबा हजर होते का?

तुमचे आई-वडील लग्नाला हजर होते का, असं टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं आणि मी म्हणाले, "हो." नेमकं त्याच वेळी शेजारच्या खुर्चीवरून नवरा म्हणाला, "नाही."

माझ्या ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत थोड्याच वेळापूर्वी आम्ही दोघांनी उभं राहून, उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ घेतली होती. वकीलबाईंचं वहीवर चाललेलं पेन थांबलं. अधिकारी बाईंनी स्क्रीनवरची नजर काढून आधी माझ्याकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. मी घाईघाईने सांगायला लागले. लग्न फेब्रुवारी २०२३ मधलं, न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या बरो हॉलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, सकाळी अकराला. मागे दोन झेंडे, समोर मेयर, साक्षीला नवऱ्याची बहीण आणि माझी मैत्रीण नीता. नीताने फोन धरला होता आणि त्या फोनच्या पलीकडे, सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बाबांनी व्हिडिओ कॉल टीव्हीला जोडून घेतला होता. आई पैठणी नेसून, नथ घालून सोफ्याच्या कडेवर बसली होती, शेजारपाजारची मंडळी सतरंजीवर, आणि मावशी मंगलाष्टकं म्हणत होती. तिचं 'शुभमंगल सावधान' झालं तेव्हा इकडे मेयरसाहेब अजून प्रास्ताविकातच होते, त्यामुळे सांगलीच्या हिशेबाने माझं लग्न जरा आधीच लागलं. सगळ्यांनी टीव्हीवर अक्षता टाकल्या. पुढे कित्येक महिने टीव्ही पुसायला हलवला की मागच्या जाळीतून कुंकवाचे तांदूळ पडायचे, असं आई सांगते.

बाई हसल्या. "व्हिडिओवरून हजर, असं लिहिते," म्हणाल्या, चार कळा दाबल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

त्यांच्यापुरता विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. आम्ही त्या मुलाखतीसाठी काय काय पाठ केलं होतं! पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, कचऱ्याचे डबे कुठल्या वारी बाहेर ठेवायचे, सासूबाईंचा वाढदिवस, माझ्या भावाच्या कंपनीचं नाव, काल रात्री जेवायला काय होतं. रात्री भांडी घासता घासता एकमेकांना प्रश्न विचारायचो. हा प्रश्न त्या यादीत आलाच नव्हता, कारण त्याचं उत्तर दोघांनाही ठाऊक आहे असं दोघांनीही धरलं होतं. मला 'हो' म्हणताना क्षणभरही थांबावं लागलं नाही. त्यालाही 'नाही' म्हणताना लागलं नाही, आणि हेच मला जास्त टोचलं.

लग्न घाईत झालं होतं, हे सांगून टाकते. आम्ही तीन वर्षं बरोबर होतो, लग्न करायचं ठरलेलं होतं, तारीखही साधारण ठरली होती. पुढच्या हिवाळ्यात सांगलीला एक आणि मग त्याच्या गावी, पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला एक. मग जानेवारी २०२३ मध्ये आमच्या कंपनीत जी कत्तल झाली तिच्यात माझंही नाव निघालं. एच-वन या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याच्या हातात साठ दिवस असतात, त्यात दुसरी नोकरी शोधा नाहीतर सामान बांधा. त्या महिन्यात तर सगळेच दुसरी नोकरी शोधत होते. माझी ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख २०१७ ची, आणि ईबी-टू या माझ्या नोकरीच्या वर्गातली भारतीयांची रांग तेव्हा २०११ वर अडकलेली. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, हा नियम आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणालाही झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेल. अमेरिकन नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला मात्र रांगच नसते. पहिल्याच भेटीत वकीलबाईंनी माझे कागद चाळून झाल्यावर, गाडी कुठे लावलीत असं विचारावं तशा सुरात विचारलं, "लग्नाचं काही ठरलंय का तुमचं?"

आई-बाबांना बोलवायला वेळच नव्हता. कोविडनंतर मुंबईत व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख वर्ष-दीड वर्ष पुढची मिळत होती. बाबा म्हणाले, "आधी तुझं मार्गी लाव, आमचं राहू दे." आई काहीच म्हणाली नाही. तिने फक्त मावशीला फोन करून मंगलाष्टकं येतात का अजून, असं विचारलं.

मग सुरू झाल्या प्रतिक्रिया. मामा अगदी हळू आवाजात, आई शेजारच्या खोलीत गेल्यावर म्हणाला, "कागदासाठी नाही ना गं हे?" ऑफिसातल्या माझ्यासारख्याच रांगकऱ्यांनी मिठ्या मारल्या. "सुटलीस बाई!" त्या 'सुटलीस'मध्ये आनंद होता आणि आणखीही काहीतरी होतं, ते मला कळत होतं, कारण वर्षभरापूर्वी दुसऱ्या कुणाच्या लग्नात मी स्वतः तसंच म्हटलं होतं. म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने संशयाने बघायच्या आधी घरच्यांनी आणि मित्रांनी बघून झालं होतं. आणि रात्री झोप लागत नसताना मीही मला विचारून पाहिलंच. उत्तर दरवेळी तेच यायचं. लग्न कागदासाठी नव्हतं, पण लग्नाची तारीख कागदाने ठरवली होती. यातला पहिला अर्धा भाग सांगायला सोपा आहे. दुसरा सांगताना आवाज आपोआप बचावाचा होतो.

खरं तर कायदा इतक्या खोलात जातही नाही. वकीलबाईंनी १९७५ च्या एका निकालाबद्दल सांगितलं होतं, बार्क नावाच्या माणसाचा. लग्नानंतर ते जोडपं वेगळं राहायला लागलं म्हणून अर्ज नाकारला गेला होता. कोर्टाने म्हटलं, नंतर वेगळे राहिले एवढ्यावरून लग्न खोटं ठरत नाही, लग्न करताना एकत्र आयुष्य उभं करायचा हेतू होता की नव्हता ते बघा. प्रेम होतं का, असं कोर्ट विचारत नाही. दुसरा काही फायदा मनात होता का, यावरही सगळं अडत नाही. हे ऐकून मला फार हायसं वाटलं, आणि मग आत्या आठवली. आजी गेली तेव्हा आत्याचं लग्न जमून राहिलं होतं. आमच्याकडे घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षं थांबलं तर मुलाकडचे थांबतील की नाही, कुणी सांगावं? म्हणून सुतक फिटलं आणि महिन्याभरात आत्याचं लग्न लागलं, निम्म्या नातेवाइकांशिवाय, आजीच्या फोटोला हार घालून. आत्याने लग्न मुहूर्तासाठी केलं, असं कुणी म्हणालं नाही. माझ्या चुलतबहिणीच्या स्थळात पुण्यातला कर्ज फिटलेला फ्लॅट हा मोठाच मुद्दा होता आणि तो मुद्दा सगळ्यांसमोर, चहा पिता पिता चर्चिला गेला. नीताने तर मुलाखतीचं पत्र आल्यावर लगेच मेसेज केला, "कांदेपोहे घेऊन जा गं बरोबर." मी हसले, पण कांदेपोह्यांत निदान कारणं लपवावी लागत नाहीत. पगार किती, घर कुणाच्या नावावर, सगळं सरळ. इथे मात्र अचानक मला माझ्या लग्नात कारण म्हणून फक्त प्रेमच दिसायला हवं होतं, आणि ते दिसण्यासाठी लागत होती बँकेची स्टेटमेंटं.

त्या स्टेटमेंटांबद्दल थोडं सांगायला हवं. अर्ज भरून झाल्यावर मला कित्येक महिने नोकरी करता येत नव्हती, कामाचा परवाना यायचा होता. देशाबाहेर जायचं तर वेगळी परवानगी, ती येईपर्यंत तेही नाही. मी घरी बसून पुरावे गोळा करत होते. जोडखातं, दोघांच्या नावाचा भाडेकरार, विजेचं बिल, गाडीचा विमा, त्याच्या आयुर्विम्यावर वारस म्हणून माझं नाव, करपत्रक. आणि फोटो. वकीलबाई म्हणाल्या होत्या की वेगवेगळ्या ऋतूंतले, वेगवेगळ्या माणसांबरोबरचे हवेत, नुसते दोघांचेच नकोत. झालं, आम्ही फोटोसाठी जगायला लागलो. डेलावेअर वॉटर गॅपला चढून गेल्यावर दम खात असताना तो म्हणायचा, "फाईलसाठी?" आणि मी केस सारखे करायचे. सासूबाईंच्या घरी थँक्सगिव्हिंगला टर्की कापायच्या आधी सगळ्यांना थांबवून काढलेला एक फोटो आहे. त्यात नवऱ्याचे काका अत्यंत वैतागलेले दिसतात, आणि फाईलमधला सगळ्यात खरा फोटो तोच असावा. आमची खरीखुरी भांडणं, हीटर किती अंशांवर ठेवायचा यावरची, फोडणीच्या वासाने वाजणाऱ्या धुराच्या अलार्मवरची, यांची पावती कुठे मिळत नव्हती.

काही कागद मात्र विनोदी होते. त्याने माझ्यासाठी भरलेलं हमीपत्र घ्या. दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नावर मला पोसायची हमी नवऱ्याने सरकारला द्यायची असते, आणि ती घटस्फोट झाला तरी सुटत नाही. मी नागरिक झाले, मरण पावले, कायमचा देश सोडला किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाची भरती झाली तरच सुटते. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी कॉलनीतल्या मित्रांना बोलावून सांगितलं. माझ्या अर्जात, तुम्ही कधी वंशसंहारात भाग घेतला आहे का, कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का, इथे अनेक बायका किंवा अनेक नवरे करायला आला आहात का, असे प्रश्न होते. बहुपत्नीत्ववाल्यांना १८९१ च्या कायद्यापासून बंदी आहे आणि तो रकाना अजून तसाच आहे. वैद्यकीय तपासणीत नर्सने माझ्या दंडावरचा बीसीजीचा वण बघून मान डोलावली, रक्त काढलं आणि लहानपणी घेतलेल्या सगळ्या लशी कागदावर नाहीत म्हणून पुन्हा टोचल्या. जन्मदाखल्यावर तर माझं नावच नव्हतं, नुसतं 'मुलगी'. साहजिकच होतं, नोंद झाली तेव्हा माझं बारसं व्हायचं होतं. बाबांनी नाव घालून घेतलं, शिवाय आई आणि मामा यांनी स्टँप पेपरवर लिहून दिलं की ही तीच मुलगी. मामाने! ज्याला लग्नाबद्दल शंका होती त्याने माझ्या जन्माची ग्वाही दिली.

आई-बाबांच्या लग्नाचा दाखला तेव्हाच आठवला. लग्न त्यांचं मिरजेच्या मंगल कार्यालयात १९८४ साली झालं, चारशे पान उठलं, बँडवाल्यांनी पैशांवरून वाद घातला, पण सरकारदरबारी नोंद काही नव्हती. तेव्हा कोण करत होतं? सुप्रीम कोर्टाने सगळ्या लग्नांची नोंद सक्तीची करा असं २००६ मध्ये सांगितलं. पुढे काहीतरी कागद लागला म्हणून हे दोघं लग्नानंतर पंचवीस वर्षांनी नोंदणीला गेले. मी कॉलेजात होते, मजा बघायला बरोबर गेले होते. लग्नपत्रिका हवी, ती आईने ट्रंकेतून काढली, कडा वाळवीने खाल्लेली. लग्नातला फोटो हवा. तीन साक्षीदार हवेत, आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही हवी. भटजी वारले होते, त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र झालं. साक्षीदारांतले एक म्हणजे आमचे तात्याकाका. ते त्या लग्नात मानपानावरून रुसून, अक्षता पडायच्या आधीच कार्यालयातून निघून गेले होते. ही गोष्ट घरात दर दिवाळीला निघते. त्यांनी त्या दिवशी काळ्या शाईने, झोकदार सही करून लिहून दिलं की मी या विवाहास समक्ष हजर होतो. आई पदराआड हसत होती. बाबा म्हणाले, "एस.टी. स्टँडपर्यंत तरी हजरच होता की."

तर हजर असणं म्हणजे काय, याबद्दल आमच्या घराण्याचं धोरण आधीपासूनच उदार आहे.

नवऱ्याच्या घराण्यात हजर-गैरहजरचा प्रश्नच आला नव्हता. त्याची पणजी पोलंडमधून न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरली, स्क्रँटनच्या कोळसा खाणीतल्या एका पोलिश मजुराशी तिने लग्न केलं. तो नागरिक झाला आणि त्या क्षणी तीही झाली. तिला कुणी काही विचारलं नाही, मुलाखत नाही, फोटो नाही, तिने अर्जही केला नाही. १८५५ पासून १९२२ पर्यंत कायदाच तसा होता, नवरा नागरिक तर बायको नागरिक. उलट अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं तर १९०७ च्या कायद्याने तिचं स्वतःचं नागरिकत्व जायचं. म्हणजे बाई नवऱ्याच्या मागोमाग, जिकडे तो तिकडे ती. आणि पणजीला मिळालेली सवलत मला तेव्हाही मिळाली नसती, कारण ती वंशाने नागरिक व्हायला पात्र ठरणाऱ्या, म्हणजे मुख्यतः 'गोऱ्या' बायकांपुरतीच होती. भारतीय माणूस कायद्याच्या लेखी गोरा नाही, असं सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात १९२३ साली सांगून टाकलं. भारतीयांना नागरिक होता यायला १९४६ उजाडलं. हे मी सासूबाईंना एकदा जेवताना सांगितलं, त्या बराच वेळ गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, "आजीला इंग्रजीसुद्धा येत नव्हतं."

मुलाखतीची यंत्रणा त्यामानाने नवी आहे, आणि तिचं आजचं कडक रूप १९८६ च्या कायद्याचं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं तर ते दोन वर्षांचंच, अटींसकट. मग पुन्हा सिद्ध करा. खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. लग्नाच्या अर्जांतले तीस टक्के खोटे असतात, असं इमिग्रेशन खात्याने तेव्हा सिनेटला सांगितलं होतं. ज्या पाहणीवरून ते सांगितलं ती धड नव्हती हे पुढे उघड झालं, पण कायदा राहिला. आमची मुलाखत न्यूअर्कला होती, ब्रॉड स्ट्रीटवरच्या रोडिनो फेडरल बिल्डिंगमध्ये. पीटर रोडिनो म्हणजे निक्सनवरच्या महाभियोगाची सुनावणी ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाली ते न्यूअर्कचे खासदार. संसदेच्या ज्या न्याय समितीपुढे ती झाली तिचे ते १९८६ मध्येही अध्यक्षच होते. हे मी वाचून गेले होते आणि लिफ्टची वाट बघताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आत गेल्यावर कृपा करून हे सांगू नकोस."

एप्रिल २०२४. खाली पट्टा, घड्याळ, चाव्या ट्रेमध्ये. वरच्या हॉलमध्ये ओळीने खुर्च्या आणि खुर्च्यांत जोडपी. लग्नाला निघाल्यासारखी सजलेली काही, काही कामावरून तशीच आलेली, बुटांना सिमेंट. स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांची कुजबुज, मधेच एखादं रडणारं बाळ, ज्याच्याकडे सगळे हेव्याने बघत होते, कारण त्याहून मोठा पुरावा कुणाकडे असणार. पुढच्या रांगेत एक वयस्क गृहस्थ आणि त्यांच्याहून बरीच तरुण बाई अगदी ताठ बसले होते, मधे एक पर्स ठेवून. मी मनातल्या मनात त्यांना नापास केलं. मग लगेच ध्यानात आलं की माझ्या मांडीवर नीट टॅब लावलेली, रंगीत दुभाजकांची जाडजूड फाईल आहे आणि नवऱ्याचा हात मी गरजेपेक्षा घट्ट धरलाय. आमच्याकडेही कुणी तसंच बघत असेल.

नाव पुकारलं. खोली लहान, खिडकी नव्हती, टेबलावर मुलाखत घेणाऱ्या बाईंच्या मुलांच्या चित्रांचे मग. शंका आली तर जोडप्याला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारतात, त्याला स्टोक्स मुलाखत म्हणतात, न्यूयॉर्कमधल्या १९७५ च्या एका खटल्यावरून. म्हणून आम्ही त्या पाठांतराला लागलो होतो. त्यातलं काहीही विचारलं नाही. कुठे भेटलात, पहिल्यांदा लग्नाचं कुणी काढलं, त्याच्या आईचं नाव काय, घरभाडं कोण भरतं. माझ्या अर्जातले वंशसंहार वगैरे प्रश्न भराभर वाचून दाखवले, मी 'नाही, नाही' म्हणत गेले. फोटो त्यांनी पत्त्यांसारखे पिसत बघितले, वैतागलेल्या काकांवर थांबल्या, हसल्या. आई-बाबांचा प्रश्न आला तो तिथेच. पंचवीसेक मिनिटांत सगळं आटोपलं. शेवटी त्या म्हणाल्या, आजच निर्णय देत नाही, पण काळजीचं कारण दिसत नाही. दोन दिवसांनी ऑनलाइन स्टेटस बदलला. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं, आता नीट जेव."

गाडीत, म्हणजे न्यूअर्क पेन स्टेशनहून निघालेल्या लोकलमध्ये, आम्ही बराच वेळ बोललो नाही. मग मी विचारलं की तू नाही का म्हणालास. मला वाटलं होतं तो म्हणेल शपथ घेतली होती, कायद्याने ते हजर नव्हते, वगैरे. तो हिशेबाच्या पेशातला माणूस, त्याला रकाने आवडतात. तो म्हणाला, "कारण ते नव्हते. मी त्यांना तोपर्यंत भेटलोसुद्धा नव्हतो. माझी आई तिथे होती, तिने मला मिठी मारली. तुझी आई टीव्हीसमोर बसून रडत होती आणि आवाज म्यूटवर होता." आवाज म्यूटवर होता, हे मला माहीतच नव्हतं. मी त्या दिवशी अंगठी, मेयर आणि सह्या यांत होते, फोनकडे मधूनमधून बघत हात हलवत होते. तो मात्र नीताच्या हातातल्या त्या पाच इंची पडद्याकडे पूर्ण वेळ बघत होता. पुढे म्हणाला, "तू सगळ्यांना सांगतेस की छान झालं, ते होतेच की. मला ते कधीच छान वाटलं नाही. मी त्यांच्या मुलीशी ते नसताना लग्न केलं."

मला राग आला. इतका समंजस माणूस आणि हे वर्षभर बोलला नाही? आणि माझा 'हो' त्याने असा उघडा पाडावा? त्या टीव्हीसमोर पैठणी नेसून बसलेल्या बाईला गैरहजर म्हणायचं म्हणजे काय? तिने रात्रीचे साडेनऊ हा मुहूर्त मानला होता, वीस माणसांना बुंदीचे लाडू दिले होते. पण तो म्हणत होता तेही मला खोडता येत नव्हतं. मी 'हो' म्हणून म्हणून तिथल्या त्या दोन महिन्यांच्या घाईवर एक सारवण घातलं होतं, आणि त्यावर पाय ठेवायची हिंमत फक्त त्यानेच केली. एडिसनला उतरेपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

पुढच्या डिसेंबरात सांगलीला गेलो. आईने जवळजवळ दोन वर्षं मनात धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. अंतरपाट, मुंडावळ्या, सूनमुखाऐवजी जावईमुख असावं असा गोंधळ, सप्तपदी, भडंगाच्या पुड्या. पत्रिका छापून आली तर तिच्यावर 'शुभविवाह'. मी आईला म्हटलं, अगं लग्न झालंय ना, 'स्वागत समारंभ' तरी लिहायचं. वकीलबाईंनी मला आधीच बजावलं होतं की लग्नाची तारीख एकच, फेब्रुवारीची, बाकीच्याला समारंभ म्हणा, कागदावर दोन तारखांचा घोळ नको. आई म्हणाली, "तुझी वकील तिकडची. इकडे मी छापते." नवरा आई-बाबांच्या पाया पडला तो वाकून उठायचं विसरला, बाबांनीच त्याला दोन्ही खांदे धरून उभा केला. मावशीने मंगलाष्टकं पुन्हा म्हटली. यावेळी अक्षता डोक्यावर पडल्या. मला खूप आवडलं, आणि तरी मधेच वाटत राहिलं की आईने टीव्हीवर टाकलेल्या त्या पहिल्या अक्षता आज तिनेच रद्द केल्या. नवऱ्याला तसं काही वाटलं नाही. तो लग्नाचा वाढदिवस फेब्रुवारीतच धरतो, आई डिसेंबरात धरते, मला दोन्ही दिवशी फोन येतात.

दोन वर्षांच्या कार्डाची मुदत एप्रिल २०२६ मध्ये संपते, म्हणून आता पुन्हा फाईल उघडली आहे. मुदत संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत अर्ज पोचला पाहिजे, फी साडेसातशे डॉलर. या वेळी पुराव्यांचा तुटवडा नाही, उलट काय वगळायचं हा प्रश्न आहे. मन मात्र मागच्या वेळेपेक्षा धास्तावलेलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन डिएगोहून बातम्या आल्या की मुलाखतीला आलेल्या, व्हिसाची मुदत उलटून गेलेल्या काही नवरा-बायकांना मुलाखतीच्या जागीच ताब्यात घेतलं. आमचं तसं काही नाही, माझा एक दिवसही बेकायदा गेलेला नाही, हे मी त्या बातम्या वाचताना स्वतःला सांगत होते, आणि असं सांगून सुटका करून घेणं काही बरं नाही हेही कळत होतं. न्यूअर्कच्या हॉलमधली बुटांना सिमेंट लागलेली जोडी कुठे असेल कोण जाणे.

अर्जाबरोबर आमचं लग्न जवळून पाहिलेल्या दोघांची तरी प्रतिज्ञापत्रं पुरावा म्हणून जोडायची ठरली. एक नवऱ्याच्या बहिणीचं. दुसरं नीताचं. नीता म्हणजे बरो हॉलमध्ये फोन धरून उभी असलेली, आणि रांगेत माझ्याही दोन वर्षं पुढे असलेली. तिची तारीख २०१५ ची. भारतीयांची ईबी-टू २०२५ च्या अखेरीलाही २०१३ च्या आसपास रेंगाळत होती. तिची मुलगी आता सोळाची, एकविसाव्या वर्षापर्यंत आईचं कार्ड आलं नाही तर ती आईच्या अर्जातून बाहेर पडेल. त्या बाईला मी विनंती केली की माझं लग्न खरं आहे असं शपथेवर लिहून दे.

तिने गेल्या रविवारी दीड पान लिहून पाठवलं. सुंदर लिहिलंय. आम्ही हीटरवरून कसं भांडतो, त्याला वरण-भातावर लिंबू पिळायला मी कसं शिकवलं, सांगलीचा फोन धरून तिचा हात कसा भरून आला होता. आणि मधे एक वाक्य होतं: 'ही रांगेतून निघाली तेव्हा मला तिचा राग आला होता, पण यांचं लग्न रांगेसाठी नव्हतं हे मी पाहिलं आहे.' मी तिला फोन केला. म्हटलं, नीता, हे काढूया का? ती म्हणाली, "का? अख्ख्या पत्रात त्यांना पटेल असं तेवढं एकच वाक्य आहे." वकीलबाईंना पाठवलं. त्यांनी लाल रेघ मारून परत पाठवलं, शेजारी लिहिलं होतं की अर्जदाराच्या हेतूविषयी शंका सुचवणारा मजकूर नको. नीताला कळवलं. तिने वाक्य काढलं, उरलेल्यावर सही केली आणि नोटरीचे दहा डॉलर माझ्याकडून घेतले.